चपटं वर्तुळ

देवासला मी लॅब उघडली तेव्हा धारच्या दादाने तिला ‘बाटल्यांचं दुकान’ म्हटलं होतं. कापडाच्या दुकानात बसून तो ओळखीच्या प्रत्येकाला तपासणीसाठी इंदूरला पाठवायचा, माझ्याकडे कोणालाही नाही. जंतू वाढवायच्या जुन्या इनक्युबेटरसाठी भंगारवाल्याशी घासाघीस करण्यापासून सगळं मी एकट्याने केलं. म्हणून ते बोलणं मी विसरलो नाही.

मग त्याच दादाच्या पायाची जखम चिघळली. मधुमेह होताच, त्यात आधीची औषधं वाया गेलेली. धारचे डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली तर ठीक, नाहीतर भरती व्हा, पायाचा भरवसा नाही. वहिनी पुवाचा नमुना घेऊन स्वतः बसने माझ्याकडे आली.

नमुन्यात स्टॅफचे जंतू निघाले. ते प्लेटवर पसरून मी वर औषधांच्या चकत्या ठेवल्या. सकाळी झाकण उघडलं, तर नेहमीच्या औषधांना जंतू अगदी टेकून वाढलेले. एकाच गोळीच्या चकतीभोवती जंतू मेल्याचं मोठं स्वच्छ वर्तुळ होतं.

तेवढ्यात दादाचा फोन. “भिया, डॉक्टर म्हणाले औषधाभोवती गोल पडतं. सगळ्यात मोठं कोणाचं? तेच लिही. भरती नको.”

“मोठं गोल म्हणजे भारी औषध नाही, दादा. प्रत्येकाचं माप वेगळं असतं.”

“थोडं इकडेतिकडे कर की. तू तर मोठा भाव करणारा.”

“भंगारवाल्याशी करतो. जंतूशी नाही,” मी ओरडलो आणि फोन ठेवला.

कारण ते वर्तुळ एका बाजूने चपटं होतं. ती चकती मी मुद्दाम दुसऱ्या एका औषधाशेजारी ठेवतो. त्या बाजूची कड सपाट झाली की समजायचं, आज मोठं वर्तुळ दिसलं तरी हा जंतू या गोळीलाही पुढे दाद देणार नाही. ती गोळी मी बाद केली.

उरलं एका जुन्या, साध्या गोळीचं लहान वर्तुळ. पट्टीने मोजलं, तक्त्याशी ताडलं. चालत होतं. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं, आणि मग खुर्चीत बसलो.

डॉक्टरांनी तीच गोळी दिली. सूज उतरली, भरती टळली. जखम भरल्यावर दादा माझ्या लॅबचा जिना स्वतःच्या पायांनी चढून आला.

“मशीन चांगली आहे रे तुझी.”

“मशीन कसली. ही प्लास्टिकची पट्टी.”

त्याने चप्पल काढून पाय पुढे केला. नवी गुलाबी कातडी मी बराच वेळ बघत राहिलो. इंदूरचं त्याला ऐकवलंच, पण चहा झाल्यावर.