धनेशाची मादी आत असताना

राईच्या कडेला चपला काढायची रीत मला माझ्या धाकट्या दिराने शिकवली. मी नवी नवरी, तो अर्ध्या चड्डीतला. दरडावून म्हणाला, "वहिनी, बोलू नको. मादी आत हाय."

आत म्हणजे बेहड्याच्या ढोलीत. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर बाहेरून उंबरं आणून भरवतो. तो बिचकून गेला तर आत मादी आणि पिल्लं उपाशी मरतात. म्हणून आमच्या गावात शिमग्याची पालखी राईपाशी आली की ढोल थांबतात. राई ओलांडली की परत वाजतात.

यंदा राईच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, बॉक्साइटची खाण काढायचं निघालं. सुरुंग लागणार, डंपरचा रस्ता राईतून जाणार. शाळेच्या पटांगणात सरकारने सुनावणी ठेवली. आदल्या दिवशी दीर माझ्या ओटीवर चहा प्यायला. "तू उठू नको, लोक हसतील," म्हणाला. "धनेशाचं मी सांगतो." मी चौथी शिकलेली. मला ते पटलं.

सुनावणीत साहेबाने विचारलं, राईत पशुपक्षी काय आहेत?

दीर उठला, टोपी सारखी केली. "कावळे हायत, साहेब. आणि माकडं. ती आमचे नारळ खातात."

लोक हसले. साहेबही हसला. मी उठले.

"खोटं सांगतायत. बेहड्यात मादी बसलीय. आत्ता चला, दाखवते."

"आजी, बसा. गावातर्फे त्यांनी सांगितलं ना?"

शेजारणीने माझा पदर ओढला. "बस गं. त्याच्या पोराचा डंपर लागणार हाय खाणीवर. तुला ठाव न्हाय?"

सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

घरची वाट राईतूनच. दीर पुढे, मी मागे. कड आली आणि त्याने चपला काढून हातात घेतल्या. मी बघत राहिले. बेहड्याखाली आलो तर नर फांदीवर होता, चोचीत उंबर. दिराने मागे वळून ओठावर बोट ठेवलं. मला!

जीभ शिवशिवत होती. पण नर उडाला असता, म्हणून मी गप्प चालले. राई संपल्यावर तोंड उघडलं. इतकी वर्षं त्याला भावोजी म्हटलं, अहोजाहो केलं. त्या दिवशी नाही.

"मेल्या, कावळ्यांसाठी चपला काढल्यास? माझ्या ओटीवर परत पाय ठेवू नको."

त्याने घाबरून मागे झाडांकडे पाहिलं.

"वहिनी, हळू. त्याला ऐकू जाईल."

"हेच तिथं सांगायचं होतंस," मी म्हटलं, आणि त्याला तिथेच सोडून घरी आले.