मिलेनाबाईची दहाची न्याहारी

आमच्या पंपांच्या कारखान्यात मिलेनाबाई कोबाल वीस वर्षं युनियनची अध्यक्ष आहे. देशोदेशीच्या युनियनवाल्यांबरोबर तिचं उठणंबसणं. ती म्हणते, "फ्रेंच आधी संप करतात, मग बोलतात. जर्मन आधी बोलतात, अगदीच नाइलाज झाला तर संप. आपण स्लोव्हेनियातली माणसं आधी खाऊन घेतो."

खोटं नाही. इथे दहाच्या ठोक्याला मशीन बंद आणि अर्धा तास न्याहारी, तीही पगारी.

कारखाना एका जर्मन कंपनीनं घेतला आणि राइनहोल्ड साहेब आले. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "जर्मनीत न्याहारीची वेळ पगारात धरत नाहीत. इथेही धरायची नाही."

इथल्या कायद्यातच न्याहारी पगारी आहे; ते कलम दाखवलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण एवढ्यावर सोडेल ती मिलेनाबाई कसली!

"साहेब, तुमच्याकडे मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात अर्ध्या खुर्च्यांवर कामगार बसतात ना?"

"बसतात."

"मग येताना नियम तेवढा आणलात, आणि आमच्या खुर्च्या तिकडेच विसरलात होय?"

आम्ही खो खो हसत सुटलो. साहेबांचे कान लालबुंद! तेवढ्यात दहा वाजले. बाईनं आंबट कोबी-राजम्याच्या रश्शाचा वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. "आधी खा हो, मग भांडू."

ते भांडण राहिलं ते राहिलंच. आता दहानंतर जर्मनीहून फोन आला की राइनहोल्ड साहेब तोंडातला घास न गिळताच खेकसतात, "साडेदहाला करा! न्याहारी चालू आहे आमची."