गवंडी कुठला?

कोर्टात तारखा पडत जातात तसे किस्सेही साठत जातात. दौंडच्या बार रूममध्ये आम्हा ज्युनिअर वकिलांकडे त्यातले निम्मे आप्पांचे. आप्पा आमचे सीनिअर. प्रॅक्टिस शिरूरलाही आणि दौंडलाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी खुटबावला घर बांधत असलेला सलीम नावाचा बंगाली गवंडी पोलिसांनी उचलला. म्हणे बांगलादेशी! त्याची केस आप्पांकडे आली.

*

सलीम मुर्शिदाबादचा, पण कागद पुरात गेलेले. आणि परका नाही हे त्यानंच सिद्ध करायचं, असा कायदा. सरकारी वकील म्हणाले, "कशाला लांबवायचं? सीमेवर नेऊन सोडू."

आप्पा उठले. "पलीकडच्यांनी घेतला नाही तर?"

"परत पाठवतील."

"मग आपण?"

"पुन्हा सोडू."

"म्हणजे यानं राहायचं कुठं? रेघेवर?"

सुनावणीशिवाय त्याला कुठंही हलवायचं नाही, असा हुकूम झाला. मी तर आप्पांकडे बघतच राहिलो!

*

जामीन राहायला म्हाळूआबा सातबारा घेऊन हजर. जन्म मेंढरांमागं घालवलेले धनगर. सलीम बांधत होता ते घर त्यांचंच.

"आबा, हा पळाला तर?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"घर अर्धं हाय, सायेब. सलॅप टाकल्याबिगर जायाचा न्हाई त्यो."

*

पण सलीम गेला! कोर्टाची परवानगी काढून, पुरावा आणायला गावी. तारखेला बारा वाजले तरी पत्ता नाही. आबांची जमीन अडकलेली, अन् ते बाकावर निवांत तंबाखू मळतायत. मीच सारखा दारापाशी जाऊन रस्त्याकडे बघून येत होतो.

शेवटी सलीम आला. सोबत त्याच्या शाळेचे म्हातारे हेडमास्तर, छातीशी कापडात बांधलेलं रजिस्टर. दोन दिवस रेल्वेत बसून आलेले.

"पोस्टानं का नाही पाठवलं?" मॅजिस्ट्रेटनी हिंदीत विचारलं.

"साहब, रजिस्टर स्कूल के बाहर अकेला नहीं जाता."

मॅजिस्ट्रेटनी मास्तरांना खुर्ची द्यायला लावली. त्या कोर्टात साक्षीदाराला खुर्ची मिळालेली मी तेव्हाच पाहिली.

*

सलीम सुटला. आम्ही सगळे बाहेर चहाला बसलो. मास्तरांनी रजिस्टर उघडून सलीमचं नाव दाखवलं. आबांना वाचता येत नव्हतं, तरी ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग आप्पांकडे वळले.

"आप्पा, माझा जलम मेंढरामागं, वाटंवर झाला. साळा न्हाई. सातबारा हाय, पन जलमाची नोंद कुठल्या वहीत न्हाई. उद्या मला धरलं, तर कुठल्या शिवंवर सोडत्याल?"