विड्यावरचा मॉरिशसचा पाव रुपया

आमच्या घरात सुटी नाणी उरलेलीच नाहीत. भाजीवाल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत सगळे फोनवर पैसे घेतात. त्यामुळे गेल्या श्रावणात सत्यनारायणाच्या पाच विड्यांवर ठेवायला अक्काला पाच रुपयांचं एकच नाणं सापडलं, चाव्यांच्या वाटीत. बाकीची चार तिने माझ्या संग्रहातून काढली. हे मला कळलं तेव्हा मी सोवळं नेसून पाटावर बसलो होतो, संकल्प सोडून झाला होता आणि हॉल पाहुण्यांनी भरला होता.

कधीकाळी इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या देशांची नाणी मी जमवतो. समोर विड्यांवर पूर्व आफ्रिकेचं भोकाचं, मलायाचं चौकोनी, सिलोनचं नागमोडी कडेचं आणि मॉरिशसचा चांदीचा पाव रुपया. पहिली तीन पुन्हा मिळतील. पाव रुपयासाठी मात्र मी सहा वर्षं चिकपेटेच्या बाजारातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. एकदा पाणी सोडलं की तो भटजींचा.

तोंड उघडावं, तर मागे धाकट्या भावाला, म्हणजे मला, कानडी वळणाने 'तम्मा' म्हणणारी अक्का पाहुण्यांना सांगत होती, "तम्मानं देवासाठी खास परदेशी नाणी काढलीत, बघा!"

एवढ्यात भटजींनी आफ्रिकेचं नाणं उचललं. "यजमान, हे भोकाचं. खंडित चालत नाही. इथं अक्षता ठेवा."

देव पावला! मी लगेच मलायाकडे बोट केलं. "मग हे? चारी बाजूंनी कापलंय."

"सरी, बरोबर आहे. अक्षता ठेवा."

"आणि हे सिलोनचं? कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या."

भटजींनी चष्मा वर सरकवला. "सरी, तेही काढा."

"तम्मा, पूजा करतोयस की नाणी पारखतोयस?" अक्का.

"शास्त्र आहे, अक्का!"

उरला पाव रुपया. भटजींनी तो उजेडात धरला. एखादी चीर, एखादा ओरखडा दिसू दे, असा मी मनोमन धावा केला. पण दोष असता तर मी तो घेतला असता का?

"वा! वाटोळं, अखंड, चांदीचं. हे उत्तम."

"त्यावर इंग्रजांचा राजा आहे हो," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"असू दे. प्रसादाला आला असेल."

हॉल हसला. मीही हसलो, काय करणार? भटजींनी पाव रुपया पुन्हा विड्यावर ठेवला आणि पळी माझ्या हातात दिली. "पाणी सोडा. म्हणा, दक्षिणां समर्पयामि."

"समर्पयामि," मी म्हणालो. हात जरा आखडता होता, पण पाणी पडलं.