खोक्याच्या मापाची बाग

तिसरा चौक ओलांडेपर्यंत मेहुणीचा खांदा भरून आला होता. आठ फुटी लोखंडी पट्ट्यांचं पुढचं टोक भावजींच्या खांद्यावर, मागचं हिच्या. बसवाल्याने चढू दिलं नव्हतं. "चालत जाऊ, घर हाकेच्या अंतरावर तर आहे," भावजी म्हणाले होते. तास होत आला. एवढ्या लांब हाक मारणारा माणूस तिला अजून भेटायचा होता.

भावजी सुतार. जन्मभर बुटांच्या दुकानांच्या मांडण्या केल्या. खोक्याची उंची अधिक चार बोटं, की पुढची फळी. हे माप हाताला असं बसलेलं, की घरचं कपाट केलं तेव्हा ताईला तांदळाचा डबा आडवा ठेवावा लागला. कोणी बोललंच तर म्हणायचे, "माप बरोबर आहे, डबा चुकीचा आहे."

वर्षापूर्वी या शहाण्याने ताईला न विचारता तळमजल्यावरचं घर विकलं, मागच्या अंगणासकट. तीस वर्षं ताई तिथे मिरच्या, मेथी, पुदिना लावत होती. चौथ्या मजल्यावरच्या नव्या घराच्या खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसते. ताई तेव्हापासून कामापुरतंच बोलत होती. आता येत्या रविवारी ती लेकीकडे निघाली होती. परत कधी, हे विचारायची भावजींची छाती नव्हती.

त्यावर यांनी काढलेला तोडगा म्हणजे भिंतभर लाकडी मांडणी. पाच फळ्या, प्रत्येकीवर कुंड्या, आणि उन्हाऐवजी, प्रत्येकीच्या वरच्या फळीच्या पोटाला ठोकलेली दिव्याची नळी. फळ्यांमधलं अंतर अर्थातच खोकं अधिक चार बोटं. महिनाभरात रोपं दिव्याला टेकली, शेंडे करपले. खिळे, सरस, सगळं पक्कं. फळी हलेना, की दिवा हलेना. खोकं वाढत नाही आणि रोप वाढतं, एवढंही या माणसाला कळू नये? वर म्हणाले, "रोपंच उंच जातीची निघाली." ताईने करपलेले शेंडे खुडले.

म्हणून आज या भोकं पाडलेल्या पट्ट्या. बोल्ट काढून फळी हवी तिथे बसवता येते.

"जरा टेकवा," मेहुणी म्हणाली.

"दमलीस? तुझ्या ताईने एव्हाना घरी पोचवलं असतं."

"तुम्हालाच पोचवलं असतं कुठेतरी. तिचा संयम दांडगा म्हणून वाचलात."

देवाने या माणसाला हात चांगले दिले, पण कान देताना त्याचं लक्ष दुसरीकडे असावं, असं तिच्या मनात आलं. लगेच तिने मनातच देवाची क्षमा मागितली.

"आता माप काय धरणार? खोक्याचंच?"

भावजी भिंतीला टेकवलेल्या पट्टीवरून बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "दर इंचाला भोक आहे. फळी कुठल्या भोकावर घ्यायची, ते मला कळत नाही."

कळत नाही, हे शब्द त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते. जिभेवर आलेलं तिने गिळलं. "मग ताईला विचारा."

"मी विचारलं तर तिला वाटेल, हा ऐकणार थोडाच आहे. आणि तिचंही चूक नाही." त्यांनी घाम पुसला. "तू विचार. रविवारच्या आत. मिरचीच्या वर दिवा किती, मेथीच्या वर किती, तिने हात धरून दाखवावं. मी पाना घेऊन उभा राहीन, तोंड उघडणार नाही. एवढं सांगशील तिला?"