आटगावचं फाटक गेलं, पण बैल थांबले

जनीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. “बेबीताय, यंदा म्हशाच्या जत्रेला आमचे बैल विकायला नेतोय. तू येशील का गो?”

बैल विकणार? हातातली जुडी हातातच राहिली.

माझे वडील आटगावला स्टेशनमास्तर होते. मी कल्याणला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर राहायचे आणि सुट्टी लागली की आटगाव गाठायचे. जवळच्या पाड्यावरची जनी ही माझी सुट्टीतली मैत्रीण. मी तिला इंग्रजी प्रार्थना शिकवली, तिनं मला ओठाला चीक न लागता करवंदं खायला शिकवलं. तिच्या शिकवणीचा मला जास्त उपयोग झाला. लग्नानंतर ती तिथंच राहिली, मी लांब गेले, पण फोन सुटला नाही. तिच्या नवऱ्याला मी काळूदाजी म्हणते. त्यांच्या बैलजोडीची नावं इंजिन आणि गार्ड. पुढं चालतो तो इंजिन.

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मी आटगावला उतरले. तुम्ही जाणार असाल तर शाल जवळ ठेवा, संध्याकाळनंतर थंडी बोचते. स्टेशनबाहेरचा वडापाव अजून चांगला आहे. बाकी मला काहीच ओळखू आलं नाही.

रुळांच्या कडेनं पूर्वी मातीची वाट होती. ती जिथं फाटकाशी पोचायची तिथं बैलगाड्या थांबायच्या, बायका मोळ्या उतरवून टेकायच्या. आता फाटक कायमचं बंद आहे आणि पलीकडं जायला रुळांखालून भुयारी रस्ता काढलाय. जिथं गाड्या थांबायच्या, नेमक्या त्या जागेवरून हायवेला मिळणारा नवा जोडरस्ता जातो. हायवेची कोंडी चुकवायला डंपर, कंटेनर, मुरमाच्या गाड्या सगळ्या त्यावरून धावतात. धूळ इतकी की समोरचं हॉटेल दिसेना. शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं, आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मी तिसऱ्यांदा बघेपर्यंत पहिलं चित्र बदललेलं असायचं. पाच पावलांचा रस्ता ओलांडायला मला पाव तास लागला.

“मावशी, असं बघत राह्यलात तर जत्रा संपंल,” टमटमवाला म्हणाला. “हात दाखवा नि चाला. ब्रेक त्यांना लावू द्या.”

“आणि नाही लावला तर?”

“मग बघायचं कामच नाय!” तो खदखदून हसला. मला हसू आलं नाही. पाड्यापर्यंत माणशी तीस रुपये घेतो, सीट भरल्याशिवाय निघत नाही.

जनीनं नाचणीची भाकरी आणि वालाची भाजी केली होती. जेवताना मी रस्त्याला नावं ठेवायला लागले, तर तिनं मला अडवलं. “तसं नको बोलू. सुनेला या रस्त्यानंच शहापूरला टायमात नेली. नायतर नातू दिसला नसता.” मग हळूच म्हणाली, “पण घर हिकडं नि शेत रुळाच्या पलीकडं. पावसाळ्यात डंपर आमच्या इंजिनाला घासून गेला. तवापासून बैल शेतावर नेलेच नाय. ट्रॅक्टर लावला.”

“गोठ्यात उभं राहून नुसतं खाणारा बैल बघवत नाय,” काळूदाजी म्हणाले आणि हात धुवायला उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

सकाळी पिकअप ठरवली होती, पण ती भुयारी रस्त्यापलीकडं उभी राहणार होती. या घरात विकायचा बैल गाडीत घालून दारातून काढत नाहीत. तो आपल्या पायानं शिवेबाहेर पडतो. जनीनं दोघांना कुंकू लावलं, खुरांवर पाणी घातलं, आणि आम्ही निघालो. पुढं काळूदाजी, मागं आम्ही दोघी.

जोडरस्त्याशी आल्यावर गाड्यांमध्ये जरा फट मिळाली. काळूदाजी बैलांना घेऊन रस्त्यात उतरले. मधोमध पोचले, आणि त्यांच्या तोंडून निघालं, “हो... हो!”

बैल थांबले. काळूदाजीही थांबले. फाटक होतं तेव्हा गाडी जिथं उभी करायची तीच जागा होती ती. सगळी हयात त्यांनी तिथं “हो” म्हटलं होतं.

दुसऱ्याच क्षणी डंपरचे ब्रेक किंचाळले. त्याचा बंपर गार्डच्या पोटापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. जनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं बोटं उमटलेली होती.

“ओ बाबा! हा काय गोठा हाय?” डंपरवाला ओरडला.

काळूदाजी भानावर आले. दावं ओढलं, शेपटी पिळली, हाका मारल्या. बैल हलेनात. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या, हॉर्नचा नुसता गदारोळ. कालचा टमटमवाला मागं अडकला होता. त्यानं आपली गाडी आडवी घातली आणि बैलांमागं येऊन जोर लावला. मी साठी ओलांडलेली बाई रस्त्यात दोन्ही हात पसरून उभी! सिस्टर असत्या तर डोळे मिटून घेतले असते.

“थांबा रे सगळे,” जनी एकदम म्हणाली. “गाडी गेल्याबगर ते नाय हलायचे.”

“कंची गाडी?” डंपरवाला.

“रेल्वेची. तसंच शिकवलंय त्यांना. गाडी गेली की आपसूक चालतात.”

“म्हणजे आमी आता रेल्वेची वाट बघायची? रोडवर?”

“तुला घाई असंल तर तू ओढ,” जनी म्हणाली.

त्यानं खरंच ओढून बघितलं. मग कपाळाला हात लावून चाकापाशी बसला. हॉर्न एकेक करून थकले. एवढ्या गाड्या, एवढं इंधन, आणि सगळे कान रुळांकडं लावून होते. दहा मिनिटांनी शिट्टी ऐकू आली. धडधडत एक मेल गेली. शेवटचा डबा नजरेआड झाला, तसं इंजिननं मान हलवली आणि पाऊल टाकलं. मागून गार्ड. रस्ता उतरून, भुयारातून, दोघं शांतपणे पलीकडं. कुणी हाकललं नाही. डंपरवालासुद्धा उभा राहून बघत होता.

पिकअपमध्ये काळूदाजी एवढंच म्हणाले, “मीच हो म्हटलं.”

मुरबाडजवळच्या म्हसा गावची ही जत्रा मी लहानपणी एकदाच पाहिली होती. घोंगड्यांचे ढीग, जिलेबीचा वास, आणि माळभर बैलच बैल. गाडी लांब लावावी लागते, चालायची तयारी ठेवा. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्यानं जोडीचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “खोड काय?”

जनी गार्डच्या पाठीवरची धूळ झटकायला लागली. सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल. काळूदाजींनी सांगितलं. सकाळचं सगळं, डंपरसकट.

शेतकरी कमरेवर हात ठेवून हसला. “अवो, आमच्या मुरबाडात रेल्वे हाय कुठं? थांबतील कशाला? घर नि शेत एकाच बांधाला हाय माझं.”

काळूदाजींनी मान डोलावली, सौदा ठरला. मग त्यांनी दोन्ही बैलांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. आम्ही दोघी घोंगड्या बघत राहिलो. एकही घोंगडी दिसत नव्हती.

घरी येऊन मला आता महिना झाला. दंडावरचे वळ गेले. तो बंपर मात्र डोळे मिटले की अजून हातभर अंतरावर येऊन थांबतो. या रस्त्यानं जनीचा नातू वाचवला, हेही मी स्वतःला बजावते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही.

काल जनीला फोन केला. बैल मजेत आहेत, शेतकऱ्यानं निरोप पाठवला होता.

“आणि दाजी?”

“शेतावर जातात की रोज. पण बेबीताय, एकटे नाय सोडत मी. रस्त्यात मधीच उभे राहतात गो. मग मी पण हात धरून उभी राहते, गाडी जाईस्तवर.”