बोटीवरची बसराई

कौतिक पाटलाने आजवर तीन डॉक्टर बदलले आहेत. पहिल्याने साखर वाढली म्हणून केळी कमी करायला सांगितली, दुसऱ्याने बंद करायला सांगितली आणि तिसऱ्याने केळ्याऐवजी पेरू खा असं सुचवलं. पहिल्या दोघांकडे त्याने जाणं थांबवलं. तिसऱ्याच्या दवाखान्यातून मात्र तो तपासणी अर्धी टाकून, शर्टाची बटणं लावत बाहेर पडला. सध्या सिंधीपुऱ्यातला चौथा डॉक्टर चालू आहे आणि तो शहाणा असल्यामुळे नुसत्या गोळ्या लिहून देतो.

बुऱ्हाणपूरच्या तापीकाठी केळी लावणारे पुष्कळ आहेत, पण केळीची बाजू घेऊन भांडणारा हा एकच. जळगावकडच्या एका साखरपुड्यात फळांच्या परातीत सफरचंदं वर आणि केळी खाली दिसली, तर हा गडी नवरीमुलगी यायच्या आत परात पुन्हा रचायला बसला होता. त्याच्या शेतात ट्रकभर जाणारी लांबलचक जी-नाईन जातीची केळी आहे, सगळ्यांच्या असते तशी. पण विहिरीजवळ वडिलांच्या हातची बसराईची एक ओळ त्याने कंद बदलून बदलून जिवंत ठेवली आहे. बुटकं झाड, लहान फळ, आणि वास असा की पिकली फणी घरात लपवून ठेवता येत नाही. या ओळीतलं केळं तो विकत नाही. ज्याच्यावर जीव असेल त्याला देतो.

ज्यांच्यावर जीव आहे असे मित्र दोनच. रामदास छत्तीस वर्षं नेपानगरच्या कागद कारखान्यात मशीनवर होता. इतवाऱ्यात कापडाचं दुकान चालवणारा प्रवीण वयाने बराच लहान, दोघांना काका म्हणणारा. तिघं दर रविवारी राजघाटावर गळ टाकून बसतात. मासे फारसे लागत नाहीत. कौतिक म्हणतो की तापीतले मासे आपल्याला ओळखून आहेत.

रामदास निवृत्त झाला आणि त्याच्या मुलाने त्याला कायमचं पुण्याला बोलावलं. जायच्या आधी त्याने एकच इच्छा सांगितली. "छत्तीस वर्सं मशीनीचा आवाज आयकला. एकदा समुद्रात गळ टाकाचाय भो. एक मासा लागला पायजे, बस. मंग पुन्याच्या गॅलरीत बसून राहू." प्रवीणने लगेच मोबाइल काढला. मालवणला तीन दिवसांसाठी मासेमारीची बोट भाड्याने मिळते, राहणं-खाणं बोटीवरच, असं त्याने वाचून दाखवलं. "काका, हो गया समझो," म्हणत त्याने ती ठरवूनही टाकली.

निघायच्या दिवशी कौतिकने पिशवीत बसराईच्या दोन फण्या घेतल्या. एक बोटवाल्याला भेट आणि एक आपल्याला. दोन्ही हिरव्याकच्च, तिकडे पोचून पिकतील अशा बेताने काढलेल्या. त्याच वेळी त्याच्या बायकोने, सुमित्राने, लाडवांचा मोठा स्टीलचा डबा रामदासच्या हातात दिला. "भाऊजी, हा तुमच्यापाशीच असू द्या. ह्यांच्या हातात दिला तं जळगावच्या आत संपीन." डब्यात कसले लाडू आहेत हे कौतिकने विचारलं नाही. सुमित्राच्या बचत गटात काय काय चालतं याची चौकशी त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडली होती, गटाने केळ्याचं पीठ करायला घेतलं त्या दिवशी. केळं वाळवून दळणं म्हणजे बाईमाणसाला दळायला काही उरलं नाही म्हणून केलेला उद्योग, असं तो चारचौघांत बोलला होता. त्यानंतर आठ दिवस त्याला स्वतःचा चहा स्वतः करावा लागला होता.

दोन गाड्या आणि एक जीप बदलून तिघं मालवणच्या बंदरावर पोचले. बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, पन्नाशीचा काळासावळा माणूस होता. दहा वर्षं अंदमानात गोऱ्या पाहुण्यांना मासे मिळवून दिलेला. कौतिकने मोठ्या मानाने फणी पुढे केली आणि तांडेल दोन पावलं मागे सरकला.

"केळी बोटीवर नाय चलायची."

"काऊन?"

"केळी असली की मासा लागत नाय. गोरे लोक तर पिशव्या तपासून घेतात. मी पण बघितलंय." एवढं बोलून त्याने ती फणी धक्क्यावरच्या एका हमालाला देऊन टाकली.

आता कौतिकच्या डोक्यात काय झालं असेल ते ज्याने त्या परातीची गोष्ट ऐकली आहे त्याला सांगायला नको. वडिलांनी लावलेली, लग्नकार्यात दाराला बांधायची, सत्यनारायणाच्या पूजेला चार खांब म्हणून उभी करायची ती केळ, आणि ती अपशकुनी? गोऱ्यांना काय कळतं? त्याने दुसरी फणी टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी सरकवली. बेत सोपा होता. रामदासला मासा लागेल, त्याच क्षणी फणी काढून तांडेलासमोर ठेवायची आणि म्हणायचं, बोला.

बेत सोपा होता, पोट सोपं नव्हतं. किनारा दिसेनासा झाला तशी बोट हलायला लागली आणि तापीवर तीस वर्षं काढलेला हा दर्यावर्दी आडवा झाला. तापीचं पाणी शेवटी याच समुद्राला मिळतं, आपल्याला काय व्हायचंय, असं तो जीपमध्ये दोनदा म्हणाला होता. त्याची आठवण प्रवीणने दर उलटीला करून दिली. "काका, आपकी तापी है, अपनी ही है."

पहिल्या दिवशी मासा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. बोटीच्या मागे लांब दोऱ्या सोडलेल्या, रॉड खोबणीत उभे, आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेला रामदास. चहाच्या वेळी लाडवांचा डबा उघडायचा. तांडेलाने एक खाल्ला, मग दुसरा मागून घेतला. "वहिनींच्या हाताला चव आहे हां," म्हणाला. कौतिककडेही डबा आला, पण त्याच्या उलट्या थांबल्या नव्हत्या. त्याने तोंड फिरवलं.

दुपारी तांडेल तिघांसमोर उभा राहिला. "एवढा सुका दिवस जात नाय कधी. खरं सांगा, कोणी केळी आणली नाय ना?"

प्रवीण नाही म्हणाला. रामदास नाही म्हणाला. कौतिक म्हणाला, "नही भो." साठीला आलेल्या माणसाने उघड्या समुद्रावर, ज्या केळीसाठी तीन डॉक्टर सोडले तिलाच, आपण ओळखत नाही असं सांगितलं. त्याला त्याच क्षणी लाज वाटली. पण तोंडातून गेलं ते गेलं.

पुढचा तासभर त्याने रामदासकडे पाहिलं. डोक्यावर कारखान्याची जुनी टोपी, एक हात रॉडच्या मुठीवर. मग तोच हसून म्हणाला, "जाऊ दे रे भो. पानी तं पाह्यलं. एवढं पानी तं पाह्यलं." कौतिकला गलबलून आलं. छत्तीस वर्षांत या माणसाने एक गोष्ट मागितली होती आणि ती आपल्या पिशवीतल्या टॉवेलापायी अडली आहे, असं त्याला वाटायला लागलं. केळी अपशकुनी नसते हे त्याला पक्कं माहीत होतं. तरीही वाटायला लागलं. त्यात बसराई पिकली होती आणि पिशवीतून तिचा वास सुटला होता. प्रवीण दोनदा नाक वर करून "कुछ मीठा मीठा आ रहा है" म्हणून गेला.

फणी समुद्रात फेकावी, तर ती बोटीमागे तरंगत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणार. आणि वडिलांच्या ओळीतली केळी फेकायला हात उचलला असता असंही नाही. राहिला एकच मार्ग. कौतिक पिशवी पोटाशी धरून बोटीच्या संडासात गेला आणि कडी लावली.

तेरा केळी होती. पहिली दोन त्याने माणसासारखी खाल्ली. पाचव्याला घाम फुटला. सातव्याला बोट कलली आणि डोकं पत्र्यावर आपटलं. बाहेरून प्रवीणने दार वाजवून विचारलं, "काका, ठीक हो ना?" आणि तोंडात आठवं केळं असल्यामुळे कौतिकने नुसता हुंकार दिला. तो ऐकून बाहेर सगळ्यांना त्याची फारच काळजी वाटली. तेरावं खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पोटामुळे होतं असं तो सांगतो. पण वडिलांची आठवण झाली होती, हेही तोच सांगतो. सालं त्याने चारही खिशांत कोंबली, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन पुन्हा आडवा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामदासचा रॉड वाकला. रीळ किंचाळलं. रामदास आधी घाबरून उभाच राहिला, मग दोन्ही हातांनी लटकला. प्रवीणने त्याची कंबर धरली, कौतिकने प्रवीणची. अर्ध्या तासाने चकचकीत, रामदासच्या हाताएवढी लांब सुरमई बोटीत आपटली. रामदास तिच्याजवळ गुडघे टेकून बसला आणि तिला हात लावून लहान पोरासारखा हसला. कौतिकने त्याला मिठी मारली. त्या आनंदात खोट नव्हती.

"बघा," तांडेल म्हणाला, "बोट साफ असली की असं."

कौतिकच्या काळजात कळ आली. म्हणजे खरंच? काल दुपारपर्यंत फणी होती, मासा नव्हता. फणी संपली, मासा आला. चार पिढ्या घराण्याने जे लावलं, विकलं, देवापुढे ठेवलं, ते एका सुरमईने खोटं पाडलं होतं. परतीच्या वाटेवर तो सगळ्यांकडे पाठ करून बसला.

बंदर जवळ आलं, मोबाइलला रेंज आली आणि सुमित्राचा फोन वाजला. उन्हात कानाला धरवेना म्हणून कौतिकने स्पीकर लावला.

"लाडू पुरले का?"

"पुरले. तांडेलानंच अर्धे खाल्ले."

"आवडले ना? मंग आता सांगते. आपल्या गटाच्या केळीपिठाचे होते. आधी सांगितलं असतं तं तुमी डबा घरीच ठेवला असता."

शेवटचा लाडू तांडेलाच्या हातात होता, अर्धा खाल्लेला. तीन दिवस, दर चहाला, सगळ्या बोटीने केळी खाल्ली होती. सुरमई लागली तेव्हाही दोन ताजे ताजे लाडू तांडेलाच्या पोटात होते.

केळी जिंकली होती. गोरे हरले होते. कौतिकने फक्त एवढं म्हणायचं होतं, बोला. त्याने ते म्हणण्यासाठी तोंड उघडलंही. पण रामदास त्याच्याकडे बघत होता, आणि या माणसाला तो खोटं किती वेळ सांगणार? त्याने खिशांतून एक एक करून तेरा सालं काढली आणि बाकावर ठेवली. काळी पडलेली, चुरगळलेली. फणीची, टॉवेलाची, संडासाची सगळी हकिकत त्याने सांगून टाकली.

प्रवीण हसून हसून खाली बसला. तांडेलाने सालांकडे पाहिलं, हातातल्या अर्ध्या लाडवाकडे पाहिलं आणि तो तोंडात टाकला.

रामदास मात्र हसला नाही. त्याने हळूच विचारलं, "म्हंजे कौतिक, एवढ्या बोटीवर केळीले घाबरला तो तू एकटाच?"

कौतिक बाकावरची सालं गोळा करायला लागला.

घरी आल्यावर दोन दिवस तो विहिरीकडच्या ओळीत फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, खोडांना पाणी सोडलं आणि येताना सुमित्राकडे लाडू मागितला. खाऊन "चांगला आहे" म्हणाला. सुमित्राने त्या दिवसापासून त्याला पिठाच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामाला बसवलं. रामदास पुण्याला गेला. सुरमईचा फोटो त्याने तिकडच्या घरात देवाच्या फोटोशेजारी लावला आहे म्हणे. राजघाटावर ही सगळी गोष्ट कौतिक स्वतःच सांगतो, संडासाचा भाग सगळ्यात रंगवून.

महिना झाल्यावर तो गोळ्या घ्यायला सिंधीपुऱ्यात गेला. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"पाटील, ये क्या कर लिया? काय खाल्लं तुम्ही?"

"केळी."

"किती?"

"एका बैठकीला तेरा."

"एवढी आवडतात?"

"नही साहेब," कौतिक म्हणाला. "घाबरून खाल्ली."

डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत केळी बंद असं लिहिलं. कौतिकने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि पुढच्या महिन्याची तारीख विचारून घेतली.